तुइना : दरबारातून दोनदा वगळलेल्या हातांचा इतिहास

(१)
चीनमध्ये इ.स.पू. २७०० च्या सुमारास मालिशविषयीचा जगातील पहिला ग्रंथ लिहिला गेला, असे विधान आपण कुठे ना कुठे वाचलेले असते. त्याच्या पाठोपाठ ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ हे शब्द येतातच. मित्रहो, आजचा हा लांबलेला धागा चिनी मर्दनविद्येचा, म्हणजे ‘तुइना’चा आहे आणि माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. वरच्या विधानातील सन निराधार आहे, ‘अखंड’ हा शब्द त्याहून निराधार आहे, आणि खरा इतिहास या दोन्हींपेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे.

(२)
आधी शब्दाकडे पाहू. ‘तुइ’ म्हणजे ढकलणे आणि ‘ना’ म्हणजे पकडणे, चिमटीत धरून उचलणे. हे नाव सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळात रूढ झाले. त्यापूर्वीचे नाव ‘आन्मो’. त्यातील ‘आन’ म्हणजे दाबणे आणि ‘मो’ म्हणजे हात गोल फिरवत चोळणे. दोन्ही नावे निव्वळ क्रियापदांची आहेत. त्यांत ना कुणा ऋषीचे नाव, ना औषधाचे. बाराव्या शतकाच्या आरंभी सुंग दरबाराने सिद्ध करवलेल्या वैद्यककोशात तर या दोन क्रियांची गल्लत करू नये असे मुद्दाम बजावले आहे. दाबायचे ते केवळ हाताने. चोळताना मात्र औषधी लेपाची जोड देता येते.

(३)
आता तो इ.स.पू. २७००. तो आला पीतसम्राट ‘ह्वांगदी’ या पुराणपुरुषाच्या परंपरागत कालगणनेतून. त्याच्या नावावरील ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा ग्रंथ चिनी वैद्यकाचा पाया मानला जातो. पण त्याचे संकलन मुख्यतः हान काळातले, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. नायकाच्या काळावरून ग्रंथाचा काळ ठरवणे म्हणजे व्यासांचे नाव आहे म्हणून प्रत्येक पुराण महाभारतकालीन मानण्यासारखे आहे. ही चूक आपल्याला परकी नाही, म्हणून ती लवकर ओळखता यावी!

(४)
नेइजिंगमध्ये मर्दनाविषयी जे आहे, ते मात्र अतिशय वेधक आहे. एका अध्यायात पाच दिशांच्या पाच उपचारपद्धती सांगितल्या आहेत. पूर्वेकडून दगडी सुया आल्या, पश्चिमेकडून तीव्र औषधे, उत्तरेकडून औषधी वनस्पती जाळून दिलेला शेक, दक्षिणेकडून नऊ प्रकारच्या बारीक सुया. मर्दन आणि अंगाच्या हालचाली आल्या मध्यदेशातून. का? तर तिथली भूमी सपाट आणि दमट, अन्न नाना प्रकारचे आणि माणसांना कष्ट नाहीत, म्हणून त्यांचे हातपाय लुळे पडतात. म्हणजे आरंभी ही सुखवस्तू देहांसाठीची विद्या होती. हा तपशील ध्यानात ठेवा; पुढे तिच्या वाट्याला जे आले ते याच्या अगदी उलट आहे.

(५)
आणि याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ती विलक्षण कासवाची कसोटी आहे. गुरूने शिष्याचा स्वभाव पाहून त्याला काम नेमून द्यावे, असा तिथला विषय. ज्याचा हात ‘विषारी’, त्याच्याकडून पोटातील गाठी आणि दुखरे सांधे दाबून घ्यावेत. पण हात विषारी आहे हे कळणार कसे? भांड्याखाली कासव ठेवावे आणि त्या माणसाने भांड्यावर हात दाबून ठेवावा. पन्नास दिवसांत कासव मेले तर हात विषारी. ‘गोड’ हाताखाली ते जसेच्या तसे राहते.

कासवाची कीव येते हे खरे. तरीही या कथेमागची समजूत महत्त्वाची आहे. दोन माणसांना एकच पाठ दिला तरी दोघांचे हात एकच काम करत नाहीत, हे त्या लेखकांना ठाऊक होते. हाताचे ज्ञान हातातच राहते, ते पोथीत उतरत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांची सारी अडचण इथूनच सुरू होते.

(६)
पोथी मुळी नव्हतीच असे नाही. हान राजवंशाच्या अधिकृत इतिहासातील ग्रंथसूचीत ‘ह्वांगदी-छीबो आन्मो’ या नावाच्या दहा खंडांची नोंद आहे. ती वैद्यकीय ग्रंथांच्या रांगेत नसून चिरंजीवित्वाच्या साधनांच्या रांगेत आहे. ग्रंथ स्वतः लुप्त झाला. आज उरले आहे ते नुसते शीर्षक. ‘जगातील पहिला मालिशग्रंथ’ म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याचे एक पानही कुणी पाहिलेले नाही.

(७)
मग त्या सुप्रसिद्ध रेशमी चित्राचे काय? १९७३ मध्ये हूनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मावांगद्वेइ येथील तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्यात ते सापडले. थडगे बंद झाले इ.स.पू. १६८ मध्ये. चित्रात ४४ आकृत्या आहेत. स्त्रिया, पुरुष, तरुण, वृद्ध. समाजमाध्यमांवर हे चित्र ‘प्राचीन चिनी मालिश’ म्हणून सर्रास फिरते. एकदा नीट न्याहाळा. चौरेचाळीसपैकी एकही आकृती दुसरीला स्पर्श करत नाही. कुणी वाकले आहे, कुणी हात ताणले आहेत. हे ‘दाओयिन’ म्हणजे स्वतःच्या अंगाने करण्याचे व्यायाम आहेत. चित्र अस्सल, काळ अस्सल. त्याखालची ओळ तेवढी चुकीची.

(८)
खरी दरबारी प्रतिष्ठा मिळाली ती स्वेइ आणि तांग काळात. तांग राजवंशाच्या राजवैद्यक-संस्थेत चार शाखा होत्या : औषधवैद्यक, सूचिचिकित्सा, मर्दन आणि मंत्रोपचार. मर्दनशाखेत एक अध्यापक, चार मर्दनतज्ज्ञ, सोळा साहाय्यक आणि पंधरा विद्यार्थी. वारा, थंडी, उष्मा, ओल, उपास, अतिभोजन, अतिश्रम आणि आळस या आठ कारणांनी जडणारे विकार दूर करणे हा अभ्यासक्रम. शिवाय हाड मोडले, सांधा निखळला तर तो जागेवर बसवणेही त्यांच्याकडेच.

परीक्षा होत्या, पदे होती, वेतन होते. पण पदाची पायरी पाहा. नऊ श्रेणींच्या त्या नोकरशाहीत मर्दनाच्या अध्यापकाचा दर्जा सर्वांत खालचा. घरात घेतले खरे, पण बसवले उंबऱ्यापाशी.

(९)
इथे भारताचा संबंध येतो आणि इथेच आपल्यापैकी अनेकांचा तोल जातो. सातव्या शतकातील थोर वैद्य सुन सिमियाओ याच्या ग्रंथात ‘थ्येन्जू देशाची मर्दनपद्धती’ दिली आहे. थ्येन्जू म्हणजे भारत. ही ब्राह्मणांची पद्धत होय, असेही त्याने नोंदवले आहे. मग काय, ‘चीनला मालिश भारताने शिकवली’ असा निष्कर्ष तयारच असतो.

थांबा. त्या अठरा कृती वाचून पाहा. हात एकमेकांत गुंफून वळवणे, धनुष्य ओढल्यासारखे हात ताणणे, मुठीने हवेत प्रहार करणे, बसून अंग पिळणे. सगळ्या स्वतःच्या स्वतः करण्याच्या. त्यांची ठेवण चिनी दाओयिनशी इतकी जुळते की मला त्यात भारतीय विद्येपेक्षा भारतीय नावाचे वजन अधिक दिसते. तांग काळात बौद्ध भिक्षू आणि ग्रंथांमुळे भारताला जी प्रतिष्ठा होती, तिची छाप या शीर्षकावर असावी. शेजारीच लाओत्सूच्या नावावरची दुसरी मर्दनपद्धती दिली आहे. तीही लाओत्सूची आहे असे कुणी गंभीरपणे म्हणत नाही. नावाने वजन वाढते हे सातव्या शतकातही लोकांना कळत होते, एवढेच यातून सिद्ध होते. आणि एवढेही पुष्कळ आहे.

(१०)
आता ‘अखंड’ या शब्दाकडे वळू. सुंग काळात राजवैद्यकाची पुनर्रचना झाली, तेव्हा मर्दनाची स्वतंत्र शाखा उरली नाही. मिंग काळात तेरा शाखांत ती पुन्हा दिसते. १५७१ मध्ये तेराच्या अकरा झाल्या आणि वगळलेल्या दोन शाखा कोणत्या? मर्दन आणि मंत्रोपचार. दोघे तांग काळापासूनचे शेजारी. बाहेरही एकत्रच पडले. पुढे छिंग राजवटीतही मर्दनाला दरबारात स्वतंत्र स्थान मिळाले नाही.

(११)
असे का झाले? सर्वत्र सांगितले जाणारे उत्तर म्हणजे कन्फ्यूशियन मर्यादा : परक्या देहाला, विशेषतः स्त्रीदेहाला स्पर्श नको. मला हे उत्तर अपुरे वाटते. नाडी पाहायला स्पर्श लागतोच. सुया टोचायला तर अंगावरचे वस्त्रही दूर करावे लागते. तरीही सूचिचिकित्सेची शाखा अकरांत टिकली.

माझ्या मते कारण स्पर्शाचे नसून श्रमाचे आहे. सुंग काळापासून ‘रू-यी’ म्हणजे पंडित-वैद्य हा आदर्श उदयाला आला. अभिजात ग्रंथ मुखोद्गत असलेला, नाडीवर तीन बोटे ठेवून निदान करणारा आणि सुंदर अक्षरात औषधयोजना लिहून देणारा गृहस्थ. त्याच्यापुढे घाम गाळून कुणाची तरी कंबर अर्धा-पाऊण तास मळणारा माणूस विद्वान ठरणे शक्यच नव्हते. सुई बारीक असते, तिच्यावर ग्रंथ असतात. तळहातावर ग्रंथ नव्हते.

(१२)
आणि तरीही गंमत पाहा. दरबाराने १५७१ मध्ये दार लावले आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत बाजारात पुस्तके येऊ लागली. १६०१ मध्ये यांग जीझोऊ याच्या ‘झेनजिउ दाचेंग’ या सूचिचिकित्सेच्या महाग्रंथाला बालमर्दनाचे एक प्रकरण जोडून छापले गेले. १६०४ मध्ये गोंग युन्लिनचे पुस्तक आले, त्याच्या शीर्षकातच ‘तुइना’ हा शब्द आहे. ही पुस्तके लहान मुलांच्या उपचारांची. मूल कडू काढा पीत नाही, सुई पाहून किंचाळते. हाताला मात्र सरावते. शिवाय पुष्कळ मजकूर पद्यात, पाठ करता यावा असा.

या बालमर्दनाचा नकाशाही निराळा. मोठ्यांच्या उपचारात सगळे अंग, इथे मुख्यतः मुलाचा हात आणि कोपरापर्यंतचा बाहू. अंगठ्याची कड प्लीहेची, इतर बोटे इतर अवयवांची. ताप उतरवण्यासाठी मनगटापासून कोपरापर्यंत बाहूच्या आतल्या बाजूने दोन बोटे सरळ ओढत न्यायची. या रेषेचे नाव ‘आकाशगंगेचे पाणी’. शेकडो वेळा, पाण्याने बोटे ओली करत करत. एखाद्या आईला रात्री दिव्याच्या उजेडात करता येईल असेच हे काम आहे. ताप खरोखर किती उतरत असेल याविषयी मी साशंक आहे. पण मिंगकालीन घराघरांत ही पुस्तके का खपली असतील याविषयी मुळीच नाही.

(१३)
दुसरा आश्रय मिळाला हाडवैद्यांकडे. १७४२ च्या ‘यीझोंग जिन्ज्यान’ या सम्राटाच्या आज्ञेने तयार झालेल्या वैद्यकसंग्रहात हाडे बसवण्याच्या आठ क्रिया आहेत : चाचपणे, जोडणे, आधार देणे, उचलणे, दाबणे, चोळणे, ढकलणे, पकडणे. शेवटच्या चार चिनी भाषेत म्हणून पाहा. आन, मो, तुइ, ना. समोरच्या दाराने घालवलेली विद्या मागच्या दाराने, दुसऱ्याच शास्त्राचा हात धरून परतली होती.

(१४)
आता विसावे शतक. फेब्रुवारी १९२९ मध्ये नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारच्या आरोग्य समितीने यू युन्श्यू याचा प्रस्ताव स्वीकारला : जुने वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करावे. यू स्वतः जपानमध्ये आधुनिक वैद्यक शिकलेला. १७ मार्चला देशभरातील पारंपरिक वैद्यांचे प्रतिनिधी शांघायमध्ये जमले, आणि सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. एरवी दरबारी वैद्यकात जागा नसलेले मर्दनकारही त्या वैद्यकाचे भवितव्य ठरत असताना त्याच नावेत होते.

त्या काळच्या शांघायमध्ये अनेक मर्दन-घराणी नांदत होती. त्यातील एक ‘यीझिछान’ : शब्दशः ‘एका बोटाचे छान’. ‘छान’ म्हणजे आपल्या संस्कृतमधले ‘ध्यान’, चिनी उच्चारात घडलेले; जपानमध्ये त्याचेच ‘झेन’ झाले. सगळे चित्त अंगठ्याच्या टोकाशी आणायचे. खांदा सोडलेला, कोपर लोंबते, मनगट अधांतरी, तळवा पोकळ, फक्त अंगठा भरीव. बाहू लंबकासारखा झुलतो आणि अंगठ्याखालचा बिंदू मिनिटाला १२० ते १६० वेळा दबतो व सुटतो. करून पाहा. दोन मिनिटांत मनगट बंड करते.

(१५)
याच घराण्यातील दिंग जीफू याला एक अडचण जाणवली. पक्षाघाताने लुळा पडलेला पाय किंवा आखडलेली मांडी यांवर अंगठ्याचे टोक फार लहान पडते. त्याने १९४० च्या दशकात तीच झुलती लय ठेवून अंगठ्याच्या जागी हाताची पाठ आणली. करंगळीच्या बाजूची हाताची पाठ रुग्णाच्या अंगावर टेकवायची आणि मनगट दुमडत-उघडत ती लाटण्यासारखी पुढेमागे फिरवायची. घसरू द्यायची नाही, घासू द्यायची नाही. हीच ‘गुन्फा’, लाटण्याची क्रिया.

आज जगभर तुइना शिकवताना आरंभीच शिकवल्या जाणाऱ्या क्रियांपैकी ही एक. अनेक विद्यार्थी ती हजारो वर्षांची समजूनच शिकतात. ती पेनिसिलिनच्या वापराइतकीच जुनी आहे.

(१६)
बाकीच्या मूलभूत क्रियांतही फरक बारीक आहेत आणि सगळी विद्या त्या फरकांतच आहे. ‘मो’मध्ये तळवा कातडीवरून गोल फिरतो, खालचे मांस हलत नाही, पोटासाठी हे योग्य. ‘रोऊ’ म्हणजे मळणे. इथे हात कातडीवर घसरायचा नाही, कातडी आणि खालचे मांस दोन्ही हाताबरोबर हलले पाहिजेत. ‘आन’मध्ये भार सावकाश वाढवायचा आणि सावकाशच काढायचा. ‘ना’ ही खांद्याची खास क्रिया. अंगठा आणि बोटांत स्नायू धरून उचलायचा, सोडायचा. ‘त्सा’ म्हणजे तेल लावून इतके घासणे की ऊब खोलवर उतरावी. पाठीच्या कण्यालगत कातडी चिमटीत धरत माकडहाडापासून वर सरकत जाण्याची क्रिया तर चौथ्या शतकातील गे होंगच्या ग्रंथात पोटदुखीवर सांगितलेली आहे. हे जुनेपण मात्र सिद्ध आहे.

‘बान’ म्हणजे सांधा झटक्याने वळवणे. मानेवर हा प्रयोग हौशी माणसाकडून कधीही करून घेऊ नये; मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

(१७)
१९५६ मध्ये शांघायमध्ये तुइनाचा प्रशिक्षणवर्ग निघाला, १९५८ मध्ये स्वतंत्र शाळा. प्रमुख झू चुन्तिंग, यीझिछान घराण्याचे. एरवी एकमेकांपासून कसब लपवणारी घराणी एका छपराखाली आली, क्रियांची वर्गवारी झाली, पाठ्यपुस्तके तयार झाली. आज ज्याला आपण ‘पारंपरिक तुइना’ म्हणतो, त्याची घडण या शाळेतली. चांगला हात कसा ओळखावा याचे निकष आता कासवाशिवाय ठरले : टिकाऊ, जोरकस, एकसमान, मऊ आणि खोलवर पोचणारा.

यावर एक आक्षेप येणार हे जाणतो. ‘म्हणजे तुइना बनावट आहे असे म्हणायचे का?’ मुळीच नाही. कंबर आणि मान दुखत असेल तर मर्दनाने काही काळ आराम पडतो, हे आधुनिक अभ्यासांतही दिसते. सर्व रोगांवर उतारा असल्याचे दावे मात्र तिथे टिकत नाहीत. ‘अखंड परंपरा’ म्हटले की सुंग दरबाराची उपेक्षा, १५७१ ची हकालपट्टी, ती पद्ये पाठ करणाऱ्या आया आणि स्वतःच्या मनगटाला नवे वळण लावणारा दिंग जीफू हे सगळे पुसले जाते. उरते ते एक भव्य पोस्टर. इतिहासप्रेमींनी पोस्टरावर समाधान मानावे हे मला पटत नाही.

(१८)
शेवटी त्या माणसांविषयी, ज्यांच्यामुळे हा विषय मला सुटला नाही. १९५० च्या दशकापासून चीनमध्ये दृष्टिहीनांना मर्दनाचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. आज तेथील अंध नागरिकांच्या उपजीविकेचा हा एक मोठा आधार आहे. २००९ मध्ये दृष्टिहीनांच्या वैद्यकीय मर्दनासाठी स्वतंत्र नियमावली लागू झाली. सुंग दरबारापासून ज्या विद्येला ‘वैद्यकीय’ म्हणवून घेणे जड गेले, ती या हातांत तरी कागदोपत्री वैद्यकीय ठरली.

बी फेइयू या कादंबरीकाराने तरुणपणी नानजिंगमध्ये विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात अध्यापन केले होते. त्याची ‘तुइना’ ही कादंबरी २००८ मध्ये आली; अंध मर्दनकारांच्या एका केंद्राची ती कथा. तिला २०११ मध्ये माओ दुन पारितोषिक मिळाले आणि २०१४ मध्ये लोऊ ये याने तिच्यावर चित्रपट काढला.

तुइनाच्या विद्यार्थ्याला आरंभी माणसाच्या अंगाला हात लावू देत नाहीत. कापडाची छोटी पिशवी शिवून तिच्यात वाळू किंवा तांदूळ भरतात आणि तिच्यावर रोज अंगठा चालवायला लावतात. सुरुवातीला पिशवी घट्ट बांधलेली असते. हात बसत गेला की दोरी हळूहळू सैल करत नेतात, कारण सैल पिशवीवर लय सांभाळणे अवघड आणि माणसाचे अंग सैल असते. डोळस विद्यार्थ्यालाही हे काम पिशवीकडे न पाहताच जमावे लागते.